तापात डोकं का चालत नाही? सायटोकाइन आणि मेंदूबद्दल नेमकी माहिती हवी

खडूफळा:

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीला प्रतिकारसंस्था शिकवताना सायटोकाइन एका ओळीत उरकले जातात: पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. हेच निरोप मेंदूपर्यंत पोचतात आणि आजारी माणूस त्यामुळे मंदावतो, हा भाग वर्गात येतच नाही. विद्यार्थ्यांसाठी चार पानांचं टिपण तयार करायचं आहे, म्हणून पुढच्या प्रश्नांवर जाणकारांची मदत हवी.

कणकण असताना वाचलेलं लक्षात राहत नाही, साधी बेरीज चुकते. हे अंगातल्या उष्णतेमुळे की सायटोकाइनमुळे? दोन्ही वेगळं करून कुणी दाखवलं आहे का?

आयएल-६ (इंटरल्यूकिन-६, एक सायटोकाइन) एवढं मोठं प्रथिन रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातले रेणू मेंदूत सहज जाऊ न देणारी रक्तवाहिन्यांची भिंत, ओलांडतं कसं?

सगळीच बुद्धी मंदावते की काही ठरावीक कामंच बिघडतात? आणि रक्त न काढता, घरी किंवा वर्गात, हे मोजता येईल का?

शेवटचं, पालक हमखास विचारतात ते: पॅरासिटामॉलनं ताप उतरला म्हणजे मूल पेपर लिहायला ठीक आहे, असं धरायचं का?

'प्रतिकारशक्ती वाढवा' छापाचे सल्ले नकोत. यंत्रणा, आकडे आणि वेळापत्रक मिळालं तर फार बरं होईल.


पांढरीपेशी:

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

उष्णता की प्रथिनं, याचा निकाल टायफॉइडच्या इंजेक्शनच्या लशीनं लावला. ही लस जंतूच्या कवचातल्या शर्करेची असते, तिच्यात जिवंत जंतू नसतो. निरोगी तरुणाला ती टोचली की दोन-तीन तासांत रक्तातलं आयएल-६ वाढतं, पण ताप येत नाही. म्हणजे निरोप आहे, उष्णता नाही. २००८ साली इंग्लंडमधल्या एका गटानं त्याच माणसांना एकदा लस आणि एकदा नुसतं मिठाचं पाणी टोचलं आणि एमआरआयमध्ये स्ट्रूप चाचणी दिली. या चाचणीत 'लाल' हा शब्द हिरव्या अक्षरांत छापलेला असतो आणि अक्षरांचा रंग सांगायचा असतो. लशीच्या दिवशी उत्तरं उशिरा आली, आणि ज्यांचं आयएल-६ जास्त वाढलं होतं ते जास्त मंदावले. मेंदूत फरक दिसला तो सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात. डोपामिन तयार करणारा आणि हालचालीला गती देणारा हा भाग. तापमापक तुमचा कालचाच आकडा दाखवतोय आणि मेंदू मात्र मंद झालाय, इतकं स्वच्छ विलगीकरण शिकवायला दुसरं मिळणार नाही.

त्याआधी, २००१ मध्ये, जर्मनीत २० निरोगी पुरुषांना जिवाणूच्या कवचातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, दिलं गेलं. मात्रा होती शरीराच्या दर किलोमागे ०.८ नॅनोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ४८ नॅनोग्रॅम. मोहरीचा एक दाणा दोन मिलिग्रॅमचा धरा, त्याचा चाळीस हजारावा भाग. तेवढ्यानं टीएनएफ (आणखी एक सायटोकाइन) आणि आयएल-६ वर गेले, अंग किंचित गरम झालं, आजारी असल्याची शारीरिक लक्षणं जाणवण्याइतकीही नव्हती. तरी गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगणं, आकृती पाहून ती आठवणं यांत घसरण झाली. बेचैनी आणि उदासी वाढली. काही तासांत सगळं पूर्ववत.

उलट बाजू विद्यार्थ्यांना सहज पटेल. मैदानावर जोरात धावणाऱ्याचं शरीर ३८.५ अंशांपर्यंत तापतं, पण त्याला पांघरूण ओढून कोपऱ्यात पडावंसं वाटत नाही. तापात हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागातला ठरलेला आकडाच वर सरकवलेला असतो आणि तो सरकवणारी प्रथिनं सोबत झोप, भूक, उत्साह यांचीही बटणं फिरवतात. एक खबरदारी मात्र टिपणात घाला: उष्माघातात शरीर ४० अंशांच्या वर जातं, तेव्हा उष्णता स्वतःच मेंदू बिघडवते. तो वेगळा विषय, आणि तातडीचा.

आता अडथळा कसा ओलांडतात ते. आयएल-६ साधारण २१ ते २६ हजार डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), पॅरासिटामॉलचा रेणू १५१ डाल्टनचा. एवढं धूड भिंतीतून झिरपत नाही. रस्ते निराळे आहेत.

सगळ्यात जलद म्हणजे मज्जातंतूंचा. पोटातल्या, छातीतल्या दाहाची खबर व्हेगस ही नस थेट मेंदूच्या देठाकडे नेते. उंदरांच्या पोटात एंडोटॉक्सिन टोचण्याआधी ही नस श्वासपटलाखाली कापली तर त्यांचं मलूल होणं बरंच कमी होतं. फ्लूसाठी २०२३ मध्ये आणखी नेमकी वाट सापडली: उंदरांच्या नाक-घशाच्या मागच्या भागातले काही मोजके तंतू दाहात तयार होणारा प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा रेणू ओळखतात आणि जिव्हाग्रसनी नसेतून खबर देतात. तेवढेच तंतू निकामी केले तर फ्लू झालेला उंदीर जास्त खातो, जास्त पितो.

दुसरी वाट भिंतीतल्या खिडक्यांची. एरिया पोस्ट्रेमा, तिसऱ्या मेंदूपोकळीच्या पुढच्या टोकाचा भाग, अशा जागी अडथळा सैल असतो आणि रक्तातला रेणू तिथल्या पेशींना थेट भेटतो. आणखी एक म्हणजे वाहक प्रथिनं, जी थोडे थोडे सायटोकाइन पलीकडे नेतात. ती लवकर भरून जातात, त्यामुळे या वाटेनं जाणारा माल कमीच.

पण टिपणात सर्वात जास्त जागा द्यायची ती भिंतीला. सायटोकाइनला आत जायची गरजच पडत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरपेशीवर ते दार ठोठावतं. ती पेशी कॉक्स-२ विकर तयार करते. त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनतं, आणि हा छोटा स्निग्ध रेणू मेंदूच्या बाजूला उतरतो. हायपोथॅलॅमसमध्ये पोचला की ताप चढतो. शिवाय मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी जाग्या होऊन स्वतःचं आयएल-१ बीटा आणि टीएनएफ तिथेच तयार करू लागतात. बाहेरून निरोप आला आणि आतल्या माणसानं तो स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढला, असं काहीसं. म्हणूनच रक्तातली पातळी उतरली तरी मेंदूतला परिणाम काही काळ रेंगाळू शकतो.


प्रतिक्रियाकाळ:

पांढरीपेशी यांनी पाया घातला आहे, मी मोजमापाचं सांगते.

'बुद्धी मंदावते' हे फार ढोबळ झालं. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या सर्दी संशोधन केंद्रात स्वयंसेवकांच्या नाकात विषाणूचे थेंब घालून चाचण्या झाल्या. फ्लूच्या बी विषाणूनं एक गोष्ट ठळकपणे बिघडवली: खूण केव्हा येईल हे माहीत नसताना तिची वाट पाहणं आणि आली की बटण दाबणं. साध्या सर्दीत हे बऱ्यापैकी शाबूत राहिलं, पण डोळा आणि हाताचा मेळ, म्हणजे हलत्या ठिपक्यामागे काटा नेणं, तो बिघडला. दोन आजार, दोन वेगळ्या खुणा. पुढे २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटानं टायफॉइड लशीनंतर अवधानाचे तीन भाग सुटे करून तपासले. सावध होताना मेंदूच्या लहरींत फरक दिसला, चाचणीतले गुण मात्र घसरले नाहीत. नजर योग्य जागी वळवणं आणि गोंधळात पाडणाऱ्या खुणा बाजूला सारणं यांत लहरींतही फरक नव्हता.

म्हणजे कणकणीत पहिला घाव बसतो तो 'तयार राहण्या'वर. आलेली गोष्ट समजते, पण ती येणार म्हणून मन ताणून धरलेलं नसतं. नवीन मजकूर डोक्यात बसवणं हे दुसरं. जुनं पाठांतर, शब्दसंपत्ती, नेहमीचा हिशोब यांना सहसा धक्का लागत नाही. सगळे प्रयोग एकाच सुरात बोलत नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगा. कारण अर्ध्या तासाच्या चाचणीत आजारी माणूस जोर लावून गुण टिकवू शकतो. गुण तेच दिसतात, पण त्यासाठी पडलेले कष्ट जास्त असतात. इथे पुन्हा डोपामिन येतं: 'हे करण्यासारखं आहे का' हा सौदा मेंदूत तेच ठरवतं, आणि दाहात ते कमी पडतं. काम जमत नाही असं नाही, काम महाग होतं.

मोजण्यासाठी तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. पद्धत काटेकोर हवी.

चाचणी देणाऱ्यानं खुर्चीत बसून कोपरापासून मनगटापर्यंत हात टेबलावर टेकवावा, पंजा कडेबाहेर. अंगठा आणि तर्जनी यांत दोन सेंटिमीटर अंतर. हे प्रत्येक वेळी मोजून ठेवा, पेन्सिलीचं खोडरबर मधे धरून पाहिलं तरी चालेल. दुसऱ्यानं पट्टी ३०च्या टोकाला धरून शून्याची रेघ अंगठ्याच्या वरच्या कडेशी जुळवावी. 'तयार' म्हणावं आणि त्यानंतर २ ते ७ सेकंदांत कधीही सोडावी. किती सेकंदांनी सोडायची याची यादी आधीच चिठ्ठ्या उचलून करून ठेवा. मनानं ठरवत गेलं तर सोडणारा नकळत तीन सेकंदांचा ठेका धरतो, आणि मग आपण सावधपणा नाही, ठेका ओळखणं मोजतो.

तीन फेऱ्या सरावाच्या, त्या टाकून द्यायच्या. नंतर पंधरा. आकडे चढत्या क्रमानं लावून आठवा घ्यायचा, सरासरी नको, कारण एखादी सुटलेली पट्टी सरासरीला ओढून नेते.

अंतरावरून वेळ: १० सेंमी म्हणजे ०.१४३ सेकंद, १५ म्हणजे ०.१७५, २० म्हणजे ०.२०२, २५ म्हणजे ०.२२६, ३० म्हणजे ०.२४७. भौतिकशास्त्राच्या तासाला मुलांना स्वतः काढू द्या: अंतराची दुप्पट भागिले ९.८१, त्याचं वर्गमूळ. पाच सेंमीच्या आत पकडली तर ती प्रतिक्रिया नव्हे, अंदाज. तो आकडा बाद. पट्टी हातातून सुटून गेली तर तो आकडा बाद करायचा नाही, 'सुटली' म्हणून वेगळा मोजायचा. आजारपणात नेमका तोच वाढतो.

तुलना फक्त स्वतःशी. बरं असताना तीन वेगवेगळ्या दिवशी, साधारण त्याच वेळी, सारखा चहा घेऊन किंवा न घेऊन मोजून ठेवा. समजा ते तीन आकडे १६, १७, १८ आले आणि कणकणीच्या दिवशी २२. फरक फक्त पंचवीस-सव्वीस हजारांश सेकंदांचा, पण तो स्वतःच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आहे म्हणून अर्थपूर्ण. १८ चा १९ झाला तर काहीही निष्कर्ष काढू नका.

या पट्टीची मर्यादा म्हणजे चाचणी पाच मिनिटांत संपते. खरी घसरण लांबणाऱ्या, कंटाळवाण्या कामात दिसते. झोपेवरचे संशोधक दहा मिनिटांची चाचणी वापरतात आणि अर्ध्या सेकंदाहून उशिरा आलेली उत्तरं वेगळी मोजतात. अशी एक चूक ताशी ६० किलोमीटरनं चालणाऱ्या दुचाकीवर झाली तर गाडी तेवढ्यात आठ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून 'ताप नाही, जरा जड वाटतंय' या अवस्थेत गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी. हे मी फार कळकळीनं सांगते, कारण त्या अवस्थेत घसरण स्वतःला जाणवत नाही.


रात्रपाळी:

पॅरासिटामॉलचा प्रश्न माझ्याकडे.

गोळी प्रोस्टाग्लँडिनचा रस्ता अडवते. त्यामुळे आकडा उतरतो, अंगदुखी कमी होते, माणूस उठून बसतो. पण आयएल-६ आणि टीएनएफ तयार होतच राहतात. एंडोटॉक्सिनच्या प्रयोगांत आयबुप्रोफेन आधी देऊनही ते कमी झाले नाहीत. म्हणून ताप उतरला याचा अर्थ 'एक रस्ता बंद' इतकाच. परीक्षेच्या सकाळी गोळी देऊन मुलाचं दुखणं जरूर कमी करावं, पण 'आता ताप नाही, मग आळस कसला' असं त्याला म्हणू नये. पर्याय असेल तर चोवीस तास गोळीशिवाय ताप नसणं ही जास्त भरवशाची खूण. आणि पेपर द्यावाच लागणार असेल तर आदल्या रात्री नवीन धडा उघडू नये: नवीन बसवण्याची क्षमता घसरलेली असते, जुनं बाहेर काढण्याची तितकी नाही. झोप त्याहून जास्त गुण देईल.

मात्रेचं सांगतो, कारण चुका इथेच होतात. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तास, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार, नियमित दारू किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा आणखी खाली, डॉक्टरांना विचारून. ६५० च्या सहा गोळ्या म्हणजेच ३.९ ग्रॅम. घरात ताप आणि सर्दी यांच्या गोळ्या वेगळ्या पाकिटांत असतात, पण सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही चालू ठेवल्या की बेरीज हातची जाते. मुलांची मात्रा वजनावर ठरते, अंदाजानं अर्धी गोळी मोडू नये. डेंग्यूची शक्यता असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन अजिबात नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

त्याच मिश्र गोळीत अनेकदा क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीवरचं औषध असतं. ते स्वतःच झापड आणतं. त्यामुळे पट्टीची चाचणी गोळीनंतर घेतली तर घसरण कुणाची, सायटोकाइनची की गोळीची, हे सांगता येणार नाही. टिपणात ही ओळ हवीच.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा सर्वांनी वाचावा असं वाटतं ती: घरातले सत्तरीच्या पुढचे लोक. तरुणाला जो निरोप नुसता मलूल करतो, तोच वयस्क मेंदूला पार विस्कटून टाकतो. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, खुब्याचं हाड मोडणं, आणि आजोबा दोन दिवसांत वेगळेच होतात. याला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे 'वात झाला', 'बरळतायत' असं म्हणतात. पण बरळणारा रुग्ण निदान लक्षात तरी येतो. गप्प पडून राहणारा, विचारलं तर उशिरा एक शब्द बोलणारा, घास तोंडात धरून बसणारा रुग्ण सुटतो, आणि म्हाताऱ्या माणसांत हाच प्रकार जास्त. 'थकलेत, झोपू दे' म्हणून दिवस जातो. अनेकदा ताप नसतोच. मन विस्कटणं हेच संसर्गाचं पहिलं लक्षण असतं.

तपासायला ४एटी ही दोन मिनिटांची पद्धत आहे. जागेपणा स्पष्ट बिघडलेला, म्हणजे अतिगुंगी किंवा अतिचळवळ, तर ४ गुण. वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल विचारा: एक चूक १, त्याहून जास्त २. वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा: सात किंवा जास्त बरोबर आले तर ०, कमी आले किंवा नकार दिला तर १, चाचणीच शक्य नसेल तर २. आणि गेल्या काही दिवसांत अचानक बदल किंवा दिवसभरात चढउतार असेल तर ४. एकूण ४ किंवा अधिक म्हणजे डिलिरियमची शक्यता. आपल्याकडे दोन अडचणी येतात. बऱ्याच वयस्कांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते, ती शाळेनं लावलेली, त्यांना स्वतःला ती आठवत नाही. आणि ज्यांना डिसेंबर-नोव्हेंबर येत नाही त्यांना फाल्गुन, माघ, पौष असं उलटं विचारावं. येत नव्हतंच ते न येणं आणि कालपर्यंत येत होतं ते आज न येणं, यातला फरक फक्त घरच्यांना माहीत असतो. डॉक्टरांना तो सांगा.

सगळ्याच गोंधळाचं बिल सायटोकाइनच्या नावानं फाडू नका. न्यूमोनियात ऑक्सिजन उतरतो, उलट्या-जुलाबांत सोडियम उतरतं, आणि मधुमेही माणूस जेवला नाही पण गोळी मात्र घेतली तर साखर उतरते. ग्लुकोमीटर असेल तर सर्वात आधी साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरेचं पाणी, गिळता येत नसेल तर तोंडानं काही न देता थेट दवाखाना. ऑक्सिजन ९४ च्या खाली, मान ताठ, झटका, उठवूनही न जागणं, थांबत नसलेल्या उलट्या: यांपैकी एकही असेल तर मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया असली कारणं डोक्यात ठेवून त्याच तासाला निघायचं.


खडूफळा:

मंडळी, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. आणखी दोन शंका. सीआरपी या दाहात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे डोकं जड होण्यामागे सायटोकाइन नाहीत असं म्हणता येईल का? आणि ही प्रथिनं मेंदूला वाईटच, असं वाक्य टिपणात चालेल?


पांढरीपेशी:

दुसऱ्याचं आधी: नका लिहू. निरोगी मेंदूतही ती थोड्या प्रमाणात लागतातच. टीएनएफ चेतापेशींच्या जोडण्यांची ताकद कमी-जास्त करून समतोल राखतं. उंदरांत आयएल-१ चं काम पूर्ण बंद पाडलं तरी स्मृती बिघडते आणि खूप वाढवलं तरी बिघडते. आमटीतल्या मिठासारखं. आजारातलं मंदावणंही बिघाड म्हणून शिकवू नका. प्राण्यांचं आजारपणातलं वागणं ही शरीराची शिस्तबद्ध चाल आहे, ही मांडणी १९८८ पासून रूढ आहे. एक अंश ताप चढवायला शरीराला सुमारे १० ते १३ टक्के जास्त ऊर्जा लागते. हिंडणं-फिरणं आणि शिकणं थांबवून ती मोकळी केली जाते. आपल्याकडे तापात लंघन करून पडून राहायची रीत होती तिच्यातला विश्रांतीचा भाग या चालीशी जुळतो. पाण्याचा भाग मात्र तोडू नये.

सीआरपीचं वेळापत्रक एंडोटॉक्सिनच्या प्रयोगावरून समजावून सांगा. टोचल्यावर दीड तासाच्या सुमारास टीएनएफ शिखरावर, दोन-तीन तासांनी आयएल-६, आणि त्याच वेळी माणूस सर्वात बेजार. सहा-आठ तासांत तो उठून जेवतो. सीआरपी मात्र आयएल-६ नं यकृताला सांगितल्यावर तिथे तयार होतं, सहाएक तासांनी चढू लागतं आणि शिखर गाठतं दुसऱ्या दिवशी, जेव्हा माणूस ठणठणीत असतो. रक्तातून निम्मं व्हायला त्याला साधारण १९ तास लागतात. म्हणजे पहिल्या काही तासांत सीआरपी नॉर्मल आणि डोकं बंद, तर दुसऱ्या दिवशी सीआरपी चढलेलं आणि डोकं ताजं, दोन्ही शक्य. नुसतं मंद वाटतं म्हणून आयएल-६ तपासून घेणंही पैसे वाया घालवणं. कोविडच्या २०२१ च्या लाटेत ही तपासणी घरोघरी माहीत झाली, पण तिचा उपयोग गंभीर रुग्णांच्या उपचारापुरता होता.

एक गोष्ट राहिली, आणि ती महत्त्वाची आहे. निरोप तासांचा नसून महिन्यांचा असतो तेव्हा काय होतं? हेपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं २४ किंवा ४८ आठवडे देत. चारांतल्या सुमारे एका रुग्णाला नैराश्य येई. इंटरफेरॉन आयडीओ नावाचं विकर जागं करतं, ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला मनःस्थितीशी जोडलेल्या सेरोटोनिनच्या वाटेवरून काढून कायन्युरेनिनच्या वाटेला लावतं, आणि मायक्रोग्लिया त्यातून क्विनोलिनिक आम्ल बनवतात, जे चेतापेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करतं. शिवाय डोपामिन तयार करायला लागणारं बीएच-४ हे सहविकर दाहात कमी पडतं. औषध म्हणून दिलेलं एक प्रथिन, मात्रा ठाऊक, दिवस ठाऊक, आणि मन उदास: प्रतिकारसंस्था आणि मन यांचा संबंध माणसात इतका उघड क्वचितच दिसतो.


सलाईनस्टँड:

कर्करोग विभागातल्या कामातली एक तपासणी इथे जोडावीशी वाटते, कारण तिच्यात हा सगळा विषय एका कागदावर दिसतो.

कार-टी उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशी बदलून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. अशा उपचारात सायटोकाइन एकदम उसळू शकतात आणि काही रुग्णांत मेंदूवर परिणाम होतो. तो लवकर पकडायला दहा गुणांची आयसीई तपासणी असते: साल, महिना, शहर, रुग्णालय यांचे ४, तीन वस्तूंची नावं ३, एक साधी सूचना पाळणं १, शंभरपासून दहा-दहानं मागे मोजणं १, आणि एक वाक्य लिहिणं १.

ते वाक्य सर्वात बोलकं. उपचाराआधीच रुग्णाला हवं ते वाक्य निवडू द्यायचं, उदाहरणार्थ 'आज सकाळी मी चहा घेतला'. रोज तेच, त्याच रेघी कागदावर, आदल्या दिवशीच्या ओळीखाली. वरची ओळ झाकून ठेवायची, नाहीतर रुग्ण ती पाहून उतरवतो आणि आपण लेखन नाही, नक्कल तपासतो. देवनागरीत बघायचं ते असं: शिरोरेषा अक्षरावर बसते की तरंगते, शब्दांमधली जागा शाबूत आहे का, वेलांटी-मात्रा गळतात का, अक्षर बारीक होत होत ओळीखाली उतरतं का. रुग्ण तोंडानं नीट गप्पा मारत असतो आणि कागदावर 'घेतला'चा 'घतला' झालेला असतो. सलाईन लावलेला हात लिहिता असेल तर सुई आधी दुसऱ्या हाताला घ्यावी, नाहीतर थरथर कशाची हेच कळत नाही. चष्मा विसरू नये.

औषधाच्या बाबतीत पांढरीपेशी यांच्या भिंतीचा पुरावा इथे मिळतो. ताप, रक्तदाब कोसळणं यांवर टॉसिलिझुमॅब गुणकारी ठरतं, ते आयएल-६ ची ग्राहक जागा अडवतं. पण ही मोठी प्रतिपिंड भिंतीपलीकडे फारशी जात नाही, त्यामुळे मेंदूच्या लक्षणांवर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वापरतात, जे आत पोचतं. टॉसिलिझुमॅबनंतर रक्तातलं आयएल-६ वाढलेलं दिसतं, कारण ग्राहक जागा अडल्यामुळे ते वापरलं जात नाही. तो आकडा पाहून घाबरायचं नसतं.


खडूफळा:

सर्वांचे मनापासून आभार. पट्टीची चाचणी साठ मुलांच्या वर्गात घ्यायची तर कशी बसवू? आणि आजारी मूल वर्गात असेलच असं नाही.


प्रतिक्रियाकाळ:

आजारी मुलाला चाचणीसाठी मुळीच बोलावू नका, आणि कुणी खोकत आलं तर घरी पाठवा. पाऊस सुरू व्हायच्या आत, सगळे बरे असताना, बरेपणीचे आकडे घ्या. तीस जोड्या करा, प्रत्येक जोडीला एकाच बनावटीची पट्टी. लाकडी असेल तर कडा गुळगुळीत असल्याची खात्री करा, खरबरीत पट्टी बोटांत लवकर अडकते आणि आकडा खोटा कमी येतो. सोडणाऱ्यानं पट्टी दोन बोटांत धरावी आणि नजर पकडणाऱ्याच्या बोटांवर नव्हे, समोरच्या भिंतीवर ठेवावी. सोडण्याआधी त्याची भुवई हलते आणि पकडणारा तीच वाचतो. तीन दिवसांचे आठवे आकडे आणि सुटलेल्या पट्ट्यांची संख्या प्रत्येकानं प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, सोबत आदल्या रात्रीची झोप तासांत. पुढे घरी कणकण आलीच आणि बसवत असेल तर गोळी घेण्याआधी घरच्या कुणाकडून पंधरा फेऱ्या करून घ्यायच्या आणि त्याच पानावर शेजारी मांडायच्या, तापमान आणि वेळ लिहून.

बसवत नसेल तर तेही 'बसवलं नाही' असं लिहायचं, तारखेसकट. तीही नोंदच आहे.